फराहबागेंतील खेळ

अहिल्यानगरच्या फराहबागेंत नातवंडांस घेऊन गेलों, तेव्हां तो भग्न महाल पाहून धाकटीनें विचारिलें, "राजाचीं मुलें इथें खेळत का हो, आजोबा?" प्रश्न साधा, इतिहासाच्या अध्यापकास मात्र उत्तर सुचेना. 1583 त पुरा झालेला हा महाल तेव्हां तलावाच्या मध्यभागीं होता. खेळ तेथें होई, पण तो मूर्तजा निजामशहाच्या बुद्धिबळाचा, आणि सवंगडी दिल्लीचा एक गवई. राज्य दुरावलें, पुत्रही. फिरिस्ता लिहितो कीं, बापानें मिरान हुसेनाच्या अंथरुणास आग लाविली. मुलगा वांचला, आणि 1588 त त्यानेंच बापाचा प्राण घेतला. हें सहा वर्षांच्या पोरीस कसें सांगावें? "नसत खेळत," एवढेंच मीं म्हटलें. तोंवर ती भावंडांमागें धांवत सुटली होती.