स्वस्त लेन्सचा महाग इतिहास

तुमच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद दृश्य पकडतो (३५ मिमी फिल्मच्या हिशेबात). त्यामुळे वाइड अँगल ही खास गोष्ट आहे, असं आपल्या पिढीला वाटतच नाही. कॅमेरा म्हणजे असाच, अख्खी मित्रमंडळी एका चौकटीत बसवणारा. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जगात मात्र 'नॉर्मल' म्हणजे ५० मिलिमीटर. त्याहून रुंद बघायचं तर वेगळे पैसे मोजायचे.

गेल्या वर्षी मी एक जुना झोर्की-४ घेतला आणि त्याच्यासाठी वाइड अँगल लेन्स शोधायला लागलो. बजेट पंधरा हजार. म्हणजे लायकाचं नाव काढायचं नाही. उरलेल्या लेन्सेस स्वस्त का आहेत, हे बघत गेलो आणि काचेपेक्षा इतिहासच जास्त हाती लागला.

आधी थोडं तंत्र. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर-खाली हलायला जागा लागते, म्हणून लेन्सची मागची काच फिल्मपासून लांब ठेवावी लागते. वाइड अँगलच्या बाबतीत हे अवघड जातं. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीची 'रेट्रोफोकस' लेन्स आणली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. फोकस वेगळ्या छोट्या खिडकीतून, दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून साधतात. मग लेन्स खुशाल आत, शटरच्या अगदी जवळपर्यंत जाऊ शकते. ती आकाराने लहान राहते आणि सरळ भिंती फोटोतही सरळ दिसतात.

या मोकळ्या जागेचा पुरेपूर फायदा घेतला लुडविग बेर्टेले या जर्मन डिझायनरने. १९३०च्या दशकात त्याने झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ३५ मिमी, एफ २.८ची 'बायोगॉन' लेन्स रचली. तिची मागची भलीमोठी काच कॅमेऱ्याच्या पोटात खोलवर शिरते. त्या काळी एवढी रुंद आणि तरीही एवढा प्रकाश घेणारी लेन्स ही श्रीमंतांची चैन होती.

मग युद्ध झालं. झाइसचं येना शहर १९४५ मध्ये आधी अमेरिकन सैन्याच्या हाती आलं. जुलैमध्ये ते सोव्हिएत सैन्याकडे सोपवण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले. सोव्हिएतांनी युद्धभरपाई म्हणून यंत्रसामग्री, आराखडे आणि काचेचा साठा उचलला. २२ ऑक्टोबर १९४६च्या पहाटे त्यांच्या ताब्यातल्या जर्मनीत ठिकठिकाणी तज्ज्ञांच्या दारावर थाप पडली. दोन हजारांहून अधिक तज्ज्ञांना कुटुंबांसह रेल्वेने सोव्हिएत संघात नेण्यात आलं. त्यात झाइसचे लोकही होते. अनेकांना घरी परतायला १९५०चं दशक उजाडलं.

ही चोरी होती का? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्याआधी जर्मन सैन्याने सोव्हिएत संघाची राखरांगोळी केली होती. तिथे सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली. झाइसच्या कारखान्यांतही युद्धकाळात वेठीला धरलेले मजूर राबत होते. हिशेब दोन्ही बाजूंनी रक्ताने माखलेला आहे. त्या हिशेबातून जे बाहेर पडलं, त्यात एक लेन्स होती.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात तिचं पहिलं नाव होतं बीके-३५, म्हणजे 'बायोगॉन क्रास्नोगोर्स्क'. नावातच कबुली होती. पुढे ती 'ज्युपिटर-१२' झाली. सुरुवातीच्या लेन्सेस जर्मनीहून आणलेल्या काचेच्या होत्या. साठा काही कायम पुरणार नव्हता, आणि सोव्हिएत काचेचे गुणधर्म वेगळे होते. त्यामुळे वक्रता, जाडी, अंतरं यांचं सगळं गणित नव्याने मांडावं लागलं. 'कॉपी' या शब्दात हे काम दिसत नाही. दुसऱ्याचा कोड उचलून वेगळ्या सिस्टिमवर चालवून दाखवणं किती जिकिरीचं असतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

याहून मजेची गोष्ट म्हणजे, पश्चिम जर्मनीत १९५० मध्ये नवा कॉन्टॅक्स आला, तेव्हा त्याच्या बदललेल्या रचनेत जुनी बायोगॉन मावेना. तिथे लेन्स नव्याने रचावी लागली. म्हणजे मूळ घरात मूळ आराखडा थांबला. सोव्हिएत कारखान्यांत तो पुढची चार दशकं चालू राहिला. सॉफ्टवेअरच्या भाषेत, मूळ प्रोजेक्ट बंद पडला आणि फोर्क जगला.

खरेदीच्या वेळी हा इतिहास थेट कामाला येतो. सोव्हिएत लेन्सेसबद्दल एक खरी तक्रार आहे: त्यांच्या फोकसचं माप कॉन्टॅक्सच्या वळणाचं, लायकाच्या मापाशी ते तंतोतंत जुळत नाही. लायकाच्या बॉडीवर लांब लेन्सला हा फरक जाणवतो. ३५ मिमीला तो बहुतेक झाकला जातो, कारण रुंद लेन्सला मुळात खोलवर सगळं स्पष्ट दिसतं. एफ ८ ठेवून पाच मीटरवर फोकस करा. सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. दुसरी अडचण त्या मागच्या काचेची. लायका एम५ आणि सीएल यांच्या आत प्रकाश मोजणारी छोटी दांडी वर येते; तिथे ज्युपिटर-१२ लावायची नाही. डिजिटल सेन्सरवरही कडांना रंग चढू शकतो, कारण प्रकाश फार तिरका पडतो. झोर्कीला यातला एकही प्रश्न नाही. ती त्याच घरातली आहे.

दुसरा पर्याय जपानचा. १९९९ मध्ये कोसिना कंपनीने फोइग्टलँडर हे जुनं नाव परवान्यावर घेतलं आणि बेसा-एल हा कॅमेरा आणला. त्यात रेंजफाइंडर नव्हता, व्ह्यूफाइंडरही नव्हता! सोबत १५ आणि २५ मिमीच्या लेन्सेस होत्या. २५ मिमीची स्नॅपशॉट-स्कोपार रेंजफाइंडरला जोडलेलीच नव्हती. अंतर अंदाजाने लावायचं. एफ ८ला सव्वा-दीड मीटरपासून पुढे सगळं स्पष्ट येत असेल, तर महागडी जोडणी हवी कशाला? तिथे खर्च कमी झाला तो न लागणारा भाग गाळल्यामुळे. या स्वस्ताईत कुणाला रात्रीतून घर सोडावं लागलं नव्हतं. मला ती मनापासून आवडते. मला दिसलेली किंमत मात्र बजेटच्या जवळपास दुप्पट होती.

म्हणून मी ज्युपिटर-१२ घेतली. पैसे मोजताना वरून लावायचा ३५ मिमीचा व्ह्यूफाइंडरही धरा; झोर्कीच्या खिडकीत ५० मिमीचंच दृश्य दिसतं. काच उजेडासमोर धरून बुरशी बघा. फोकसची रिंग ओढावी लागते का, ते बघा. अॅपर्चरची रिंग पुढच्या कडेच्या आत दडलेली असते, बोटांना सवय लागायला वेळ जातो.

विक्रेते या लेन्सबद्दल दोनच शब्द लिहितात: 'जर्मन डिझाइन'. ते खरं आहे. पण तो आराखडा ज्यांनी पुन्हा मांडला, ज्यांनी चाळीस वर्षं काच घासली, ज्यांना त्यासाठी गाडीत बसवून नेलं, त्यांचं त्या दोन शब्दांत काहीच येत नाही. माझ्या पंधरा हजारांतही त्यांच्या वाट्याला काही गेलेलं नाही. निदान कुणी विचारलं, की एवढी चांगली लेन्स एवढी स्वस्त कशी, तर मी हे सगळं सांगतो.