डावा हात, उजवा मेंदू वगैरे वगैरे

गेल्या रविवारी लेकीने पेन्सिल डाव्या हातात धरली. आई लगेच म्हणाली, "अगं, त्या हाताने नाही, उजव्या हाताने!" सोमवारी ऑफिसात सांगितलं, तर शेजारच्या क्यूबिकलमधून आवाज आला, "सही! डावखुरे जीनियस असतात बॉस." पोरगी चार वर्षांची आणि दोन दिवसांत दोन भविष्यं. म्हटलं, हे सगळं आलं कुठून ते बघू या.

पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोकाने वाचा गेलेल्या एका पेशंटचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला होती. आणखी पेशंट पाहून १८६५ साली त्याने मांडलं, की आपण बोलतो ते डाव्या मेंदूने. उजवा हात चालवतो तोही डावाच मेंदू. झालं! डावा अर्धा शहाणा, उजवा अर्धा अडाणी अशी वाटणी लोकांनी करून टाकली. (ब्रोका स्वतः इतका सरळसोट नव्हता.)

आता गंमत बघा. १९०३ साली इटलीच्या लोंब्रोसोने लेख लिहिला, की डावखुरेपणा गुन्हेगारांत आणि वेड्यांत जास्त आढळतो. सगळेच डावरे वाईट असतात असं नाही हं, अशी पुस्तीही जोडली. केवढे उपकार! आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन जॅक्सनने दोन्ही हात सारखे चालवायला शिकवणारी चक्क एक सोसायटी काढली. एक हात वापरता म्हणजे अर्धा मेंदू फुकट घालवता, असा त्याचा हिशोब. एका हाताने पत्र लिहावं, त्याच वेळी दुसऱ्याने पियानो वाजवावा! (आमच्या मॅनेजरला आवडला असता हा माणूस.) १९०५ च्या त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना बेडन-पॉवेलची, सही दोन्ही हातांनी केलेली. म्हणजे मेंदूची वाटणी तीच. एकाला त्यात गुन्हेगार दिसला, दुसऱ्याला महामानव.

या वाटणीला मोठा तडा गेला तो १९७७ साली. मॉन्ट्रियलमध्ये रासमुसेन आणि मिल्नर यांनी ऑपरेशनआधी तपासलेल्या पेशंटांची आकडेवारी दिली. उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांची वाचा डाव्या मेंदूत होती, आणि डावखुऱ्यांपैकीही ७० टक्क्यांची डावीकडेच! बुद्ध्यांकाचं म्हणाल, तर २०१८ च्या एका एकत्रित अभ्यासात उजव्यांचं पारडं किंचित जड निघालं. इतकं किंचित, की न मोजलेलंच बरं.

खरं सांगू? हे वाचून मी जरा हिरमुसलो. पहिलीत बाईंनी फूटपट्टी मारून मला 'उजवं' केलं. तेव्हापासून लिहितो उजव्याने, बॅट धरतो डाव्याने. जीनियसवाली फॉरवर्ड मेल आली की मनातल्या मनात गुदगुल्या व्हायच्या. फूटपट्टीची भरपाईच म्हणा ना.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझं कुठे काय बिघडलं उजव्याने लिहून?"

त्यावर काय बोलणार? अक्षर दाखवलं माझं. ती हसली, आणि पेन्सिल लेकीच्या डाव्या हाताजवळ सरकवून दिली.