तीन जणांचा वर्ग आणि डुकराचे मृत्युपत्र

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात रेड क्लाउड नावाचे एक लहानसे गाव आहे. १८९० सालच्या जून महिन्यात तेथील हायस्कूलमधून जो वर्ग बाहेर पडला, त्यात एकंदर तीन विद्यार्थी होते: दोन मुलगे आणि एक मुलगी. समारंभ गावच्या ऑपेरा हाउसमध्ये झाला. वर्गच तीन जणांचा, त्यामुळे श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवण्याची सोय कोणालाच नव्हती. प्रत्येकाला व्यासपीठावर उभे राहून भाषण करणे भाग होते. मुलीने अंधश्रद्धा विरुद्ध संशोधन असा विषय घेतला आणि शास्त्रीय प्रयोगांची बाजू हिरिरीने मांडली. ही मुलगी प्राण्यांची चिरफाड करते याबद्दल गावात कुजबुज होतीच. त्या कुजबुजीला तिने गावासमोरच उत्तर दिले. तिचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि नाव विला कॅथर.

शाळेच्या अखेरच्या वर्षातील रीतिरिवाज आणि थट्टामस्करी हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आम्हांला तसे वाटत नाही. या रीतिरिवाजांतून काही वाङ्मयप्रकार घडले, ते पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि पुढे नावारूपाला आलेल्या अनेक लेखकांचे पहिले जाहीर लेखन याच निमित्ताने झाले. शिवाय वर्ग जितका लहान, तितके या विनोदाचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. तेव्हा त्याचा थोडा मागोवा घेऊ.

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बोस्टन येथे निघाले. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामाझू खटल्यात हायस्कूलसाठी कर बसवण्यास मान्यता दिली आणि नंतरच्या दशकांत अशा शाळा गावोगाव पसरल्या. तरीही १९१० साली त्या वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे नऊच हायस्कूल पुरे करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण पन्नाशीला पोचले. म्हणजे कॅथरच्या काळी अखेरचे वर्ष गाठणे हीच गावाच्या दृष्टीने मोठी घटना होती. ती साजरी कशी करायची याचे नमुने मात्र महाविद्यालयांकडून आले. हार्वर्डमध्ये ‘क्लास डे’ला वर्गाचा कवी, वर्गाचा वक्ता असे मानकरी निवडले जात. १८२१ साली इतरांनी नकार दिल्यावर हा कवीचा मान राल्फ वॉल्डो इमर्सनकडे आला, हे तेथील साहित्येतिहासात प्रसिद्धच आहे. हायस्कुलांनी हे मानकरी उचलले आणि त्यांत भर घातली: वर्गाचा इतिहासकार, वर्गाचा भविष्यवेत्ता आणि वर्गाचे मृत्युपत्र वाचणारा.

यापूर्वी शाळेच्या वर्षअखेरीस विनोदाला अधिकृत जागा नव्हती. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ (१८७६) मधील परीक्षेच्या संध्याकाळचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. व्यासपीठावर मुलींचे अश्रुपूर्ण निबंध चालू आहेत (हे निबंध ट्वेनने एका छापील पुस्तकातून जसेच्या तसे घेतले होते), आणि माळ्यावरून मुले दोरीला बांधलेली मांजर हळूहळू खाली सोडत आहेत. मांजर मास्तरांचा टोप उचलते आणि त्यांचे सोनेरी रंगवलेले टक्कल सभेला दिसते. येथे गांभीर्य मंचावर आहे आणि विनोद माळ्यावर. हायस्कुलांच्या नव्या प्रथांनी ही माळ्यावरची मुले मंचावर आणून बसवली, त्यांना कार्यक्रमपत्रिकेत नाव दिले, आणि त्याबरोबरच मास्तरांचे टक्कल सुरक्षित केले.

या प्रकारांतील सर्वांत जुन्या घाटाचा प्रकार म्हणजे मृत्युपत्र. बाहेर पडणारा वर्ग मरणोन्मुख माणसाचा आव आणतो आणि वकिली भाषेत आपली मालमत्ता मागच्या वर्गाला देऊन टाकतो. मालमत्ता कसली? अमक्याची उशिरा येण्याची कला, तमकीचे खिदळणे, खिडकीजवळची जागा, गणिताच्या मास्तरांची मर्जी. हा विनोद अमेरिकेत जन्मला असे कोणी समजू नये. इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोम तक्रार करतात की, शाळाशाळांतून मुलांच्या झुंडी एका डुकराचे मृत्युपत्र खदखदा हसत घोकत असतात. ते लॅटिन मृत्युपत्र आज उपलब्ध आहे. ग्रुन्निउस कोरोकोट्टा नावाचे डुक्कर आचाऱ्याच्या तावडीत सापडते. त्याला लिहिता येत नसल्याने ते मृत्युपत्र तोंडी सांगते. आपले राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना व बडबड्यांना, मूत्राशय मुलांना अशी वाटणी करते, आणि आपल्या थडग्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहावे म्हणते की हा नऊशे साडेनव्याण्णव वर्षे जगला, अर्धे वर्ष आणखी मिळते तर हजार भरली असती. पुढे पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर फ्रांस्वा व्हियों याने १४५६ आणि १४६१ साली याच घाटात आपली दोन दीर्घ काव्ये रचली. आम्ही येथे वंशावळ सांगत नाही, साम्य दाखवीत आहोत. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही, त्याने दानपत्राची भारदस्त भाषा उसनी घ्यावी, एवढ्यातच त्यातील गंमत आहे. शाळकरी मुलांना ती चौथ्या शतकात कळली तशी विसाव्यातही कळली.

दुसरा प्रकार वर्गाच्या भविष्याचा. वीस वर्षांनी आपण पुन्हा भेटलो तर कोण काय झालेले असेल, याचे हे काल्पनिक कथन. शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये १९१७ च्या वर्गाचे भविष्य शाळेच्या वार्षिकासाठी लिहिले ते अर्नेस्ट हेमिंग्वेने. शाळेच्या साप्ताहिकात तो रिंग लार्डनरच्या शैलीत विनोदी मजकूर लिहीतच होता. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये महायुद्धात उतरली होती. भविष्य छापून तेरा महिने झाले नाहीत तोच, ८ जुलै १९१८ रोजी, हा भविष्यवेत्ता इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झाला. असल्या भविष्यांचे खरे मोल भाकितांत नाही. लिहिणाऱ्याने काय गृहीत धरले होते यात आहे. कोणत्या मुलासाठी धंदा कल्पिला, कोणत्या मुलीसाठी केवळ नवरा कल्पिला, कोणाला एका ओळीत उरकले, हे पाहिले म्हणजे त्या गावाची श्रेणीव्यवस्था आपोआप उलगडते. अभ्यासकांनी हे साधन अजून पुरेसे वापरलेले नाही असे आमचे मत आहे.

विनोद लिहिणाऱ्यावरही उलटतो. जेम्स रसेल लॉवेल १८३८ साली हार्वर्डच्या वर्गाचा कवी होता. शिस्तभंगामुळे त्याला कॉन्कर्डला धाडण्यात आले, त्यामुळे कविता वाचण्याचा मान हुकला. ती छापून वाटावी लागली. तीत त्याने इमर्सनपंथीयांची आणि गुलामगिरीविरोधकांची यथेच्छ टवाळी केली होती. काही वर्षांतच लॉवेल स्वतः गुलामगिरीविरोधी चळवळीत शिरला. आपण ज्यांना हसलो त्यांच्याच रांगेत उभे राहण्याची पाळी आली, आणि हसण्याचा पुरावा मात्र छापील राहिला.

आता लहान वर्गाकडे वळू. पाचशे जणांच्या वर्गात थट्टा होते ती चार-दोन प्रसिद्ध मुलांची. बाकीचे छायाचित्रांच्या ओळींत विरून जातात. बारा जणांच्या वर्गात कोणालाच वगळता येत नाही. मृत्युपत्रात प्रत्येकाच्या नावे काहीतरी लिहावे लागते, नाटकात प्रत्येकाला भूमिका द्यावी लागते, आणि ज्याची थट्टा करायची तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावर असतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी कॅन्सस राज्यातील हायस्कुलांचा अभ्यास ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ (१९६४) या ग्रंथात मांडला. त्यातील शाळांची पटसंख्या ३५ पासून २२८७ पर्यंत होती. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक, पण लहान शाळेतील विद्यार्थी जबाबदारीच्या जागी अधिक वेळा उभा राहतो, असा त्यांच्या निष्कर्षांचा रोख आहे. रेड क्लाउडच्या तीन भाषणांत हेच तर घडले होते.

परंतु तोपर्यंत वारे उलट दिशेने वाहू लागले होते. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ साली अशी शिफारस केली की, ज्या हायस्कूलच्या अखेरच्या वर्गात शंभरही विद्यार्थी नाहीत, ते चांगला अभ्यासक्रम देऊ शकत नाही. तेव्हा अशा शाळा एकत्र कराव्यात. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता: तीन विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचा शिक्षक कोण ठेवणार? १९३९-४० मध्ये अमेरिकेत सुमारे १,१७,००० शाळा-जिल्हे होते. १९७९-८० पर्यंत ते सुमारे १६,००० उरले. दक्षिणेकडे या कथेला आणखी एक कडवट बाजू आहे. १९५४ च्या निकालानंतर वर्णभेदी शाळा एकत्र होऊ लागल्या तेव्हा अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची हायस्कुले बंद झाली आणि तेथील मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जावे लागले. न्याय मिळाला, पण शाळेचे गीत, चषक, वार्षिके, टोपणनावांच्या परंपरा मागे पडल्या. वर्गाने मृत्युपत्र करावे आणि वारसच नाहीसा व्हावा, असा हा प्रकार.

लहान वर्ग म्हणजे आदर्श गोकुळ, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. कॅथरने ‘माय अँटोनिया’ (१९१८) मध्ये पदवीदानाच्या संध्याकाळचा प्रसंग लिहिला आहे. जिम बर्डनचे भाषण संपल्यावर रस्त्यात त्याला गाठतात त्या मोलमजुरी करणाऱ्या परदेशी कुटुंबांतील मुली. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. वर्गात तीन जण असतात तेव्हा वर्गाबाहेर किती जण आहेत, हा प्रश्न कॅथर विसरली नाही.

आपल्याकडे याला समांतर प्रकार आहे तो स्नेहसंमेलनातील शेलापागोट्यांचा, बोलीत फिशपॉन्ड. शेला आणि पागोटे हा वास्तविक मानाचा आहेर. तो टोमण्याच्या चिठ्ठीला नाव म्हणून देण्यात मराठी मनाने जी तिरकस बुद्धी दाखवली, ती डुकराच्या मृत्युपत्राच्याच जातीची आहे: मानाच्या भाषेत थट्टा. फरक असा की, अमेरिकन मृत्युपत्रावर लिहिणाऱ्याचे नाव असे आणि ते वार्षिकात छापले जाई. आपली चिठ्ठी निनावी, वाचणारा तिसराच, आणि संमेलन संपले की ती केराच्या टोपलीत. त्यामुळे चिठ्ठीला धार अधिक आणि जबाबदारी कमी. रंगावर, आडनावावर, जातीवर, मुलीच्या चालण्यावर मारलेले शेरे आम्ही सभागृहात ऐकले आहेत आणि, हे कबूल केले पाहिजे, त्यांना हसलोही आहोत. जिच्यावर चिठ्ठी आली ती मुलगी त्या वेळी हसत होती एवढेच आम्हांला आठवते. पुढच्या वर्षी ती संमेलनाला आली होती का, हे आम्ही कधी पाहिले नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार मांडला. त्या शाळा बहुतांशी प्राथमिक असल्या तरी वादातील युक्तिवाद कॉनंट आणि बार्कर यांच्याच वळणाचे होते. त्या वादाचा निकाल काहीही लागो. शिक्षक असलेल्या आमच्या वाचकांना एक विनंती मात्र करावीशी वाटते. शाळेच्या कपाटात जुनी हस्तलिखिते, संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, उरल्यासुरल्या चिठ्ठ्या असतील तर त्या एका पाकिटात घालून त्यावर साल लिहून ठेवावे. आणि पुढच्या निरोप समारंभात चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याने सही करावी असा नियम एकदा करून पाहावा.