खरीप ज्वारी: नवा वाण निवडण्यापूर्वी शेतावर चाचणी कशी घ्यावी?

नांदेड व लातूर जिल्ह्यांत खरीप ज्वारीचे मोठे नुकसान अनेकदा काढणीच्या तोंडावर होते. फुलोऱ्यापासून दाणा पक्व होईपर्यंत पाऊस लांबला की कणसावर बुरशी येते, दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. म्हणून नवा वाण निवडताना केवळ उत्पादनाचा आकडा पाहू नका. पावसात दाणा कसा टिकतो आणि कडबा किती मिळतो, हेही तपासा.

संशोधन केंद्रावरील चाचणी

नवा वाण आधी प्राथमिक व नंतर प्रगत चाचण्यांत वेगवेगळ्या ठिकाणी, साधारण तीन वर्षे तपासला जातो. किनवट-माहूरचा पाऊस आणि औसा-निलंग्याचा पाऊस सारखा नसतो. एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. प्रत्येक ठिकाणी नव्या वाणाशेजारी तुल्य वाण, म्हणजे आधीपासून प्रचलित असलेला वाण, पेरतात. दाण्यावरील बुरशीला १ ते ९ गुण देतात. गुण जितके जास्त, तितका रोग जास्त.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी यांनी इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेला, लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा खरीप वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. ‘मालदांडी ३५-१’ हा मात्र रब्बीचा वाण आहे. खरिपातील वाणाची तुलना त्याच्याशी करू नये.

आपल्या शेतावर अशी चाचणी घ्या

- नवा वाण आणि आपला नेहमीचा वाण प्रत्येकी एक गुंठ्यावर, तीन ठिकाणी आलटून-पालटून पेरा. एकूण सहा गुंठे जागा लागेल.
- पेरणीची तारीख, अंतर (४५ × १५ सें.मी.), खत व फवारणी दोन्हींसाठी सारखीच ठेवा.
- लवकर निसवणाऱ्या वाणावर पाखरे तुटून पडतात. राखण न केल्यास चांगला वाणही कमी उत्पादनाचा वाटतो.
- दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला असे समजून काढणी करा. प्रत्येक वाणाची दहा कणसे मात्र आठवडाभर शेतातच ठेवा आणि नंतर काळ्या दाण्यांची तुलना करा.
- कडेच्या ओळी सोडून मधल्या अर्ध्या गुंठ्यातील (१० × ५ मीटर) वाळलेले धान्य तोला. वजनाला ८० ने गुणल्यास एकरी उत्पादन मिळते. उदा. १२ किलो × ८० = ९६० किलो, म्हणजे ९.६ क्विंटल.
- कडबाही पूर्ण वाळल्यावरच तोला.

निर्णय कसा घ्यावा?

तीनही ठिकाणी नवा वाण सरस ठरला तरच पुढील हंगामात क्षेत्र थोडे वाढवा. एका वर्षाच्या निकालावर सगळे रान टाकू नका. शेजारी-शेजारी पेरलेल्या वाणांत काही प्रमाणात परपरागीभवन होते, त्यामुळे चाचणीतील धान्य बियाण्यासाठी ठेवू नका. संकरित वाणाचे बियाणे तर दरवर्षी नवेच घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी चार-पाच गावांतील नोंदी एकत्र करून पाहाव्यात. पाऊस लांबलेल्या गावातही ज्याचा दाणा पांढरा राहतो, तोच वाण आपल्या भागासाठी भरवशाचा.