फैजपूरवरून जाणारा बऱ्हाणपूरचा जुना मार्ग व त्यावरील अवशेष

संशोधकांच्या टिपणांत किल्ला येतो, देऊळ येतें, शिलालेख येतो, दफ्तर येतें. परंतु हीं सर्व ज्या सूत्रांत ओंवलेलीं असतात तो रस्ता मात्र बहुधा येत नाहीं. खानदेशांतील एका मार्गापुरती ही उणीव भरून काढावी, आणि त्यावरील अवशेषांचें रक्षण कसें व्हावें याचा विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना मार्ग नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें, रावेर असा जात असे. थाळनेरास तापी उतरली म्हणजे बऱ्हाणपुरापर्यंत ती पुन्हा उतरावी लागत नाहीं. एका हातास सातपुडा, दुसऱ्या हातास तापी, आणि मध्यें अनेर, मोर, सुकी अशा सातपुड्यांतून येणाऱ्या नद्या, एवढाच काय तो अडथळा. यावल, फैजपूर व सावदा हीं गांवें चोपडें व रावेर यांच्या दरम्यान ह्याच पट्ट्यांत आहेत. थाळनेरचा किल्ला तापीच्या कांठीं कां, याचें उत्तर नुसता किल्ला पाहून मिळत नाहीं. रस्ता पाहिला म्हणजे मिळतें. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याचें ठाणें थाळनेरास होतें. तो इ. स. १३९९ त वारल्यावर त्याचा पुत्र नसीरखान यानें अशीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविलें; म्हणजे खानदेशची राजसत्ता ह्याच मार्गानें पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाकडे अजमेरास जात असतां नोव्हेंबर १६१५ मध्यें बऱ्हाणपुरीं शहाजादा परवीझ यास भेटला, तोहि ह्याच वाटेनें आला होता.

मराठ्यांच्या इतिहासांतील एका वादग्रस्त प्रसंगावरहि हा रस्ता प्रकाश पाडतो. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १६८१ च्या जानेवारीअखेर, मराठ्यांनीं बऱ्हाणपूरचें बहादुरपुरा हें पेठेचें उपनगर लुटलें आणि लूट घेऊन ते चोपड्यावरून साल्हेरीकडे निघून गेले. मोगल सुभेदार खानजहान औरंगाबादेहून धांवला खरा. पण धरणगांव-चोपड्याची वाट सोडून तो एदलाबादेकडे वळला, आणि हें त्यानें पैसे खाऊन केलें, असा आरोप खाफीखानानें नमूद केला आहे. आरोप खरा कीं खोटा हें नुसत्या त्या वाक्यावरून ठरणार नाहीं. परंतु नकाशा उघडून पाहावा: एदलाबाद पूर्वेस, बऱ्हाणपुराच्या बाजूस, चोपडें पश्चिमेस, साल्हेरीच्या बाजूस. लूट घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या फौजेस आडवें जावयाचें तर चोपडेंच गांठावयास पाहिजे होतें. शहर वांचविण्यास निघालेला सुभेदार एदलाबादेकडे वळला असल्यास तें समजण्यासारखें आहे. लुटारूस अडविण्यास निघालेला वळला असल्यास नाहीं. प्रश्न कोणता विचारावा हें येथें रस्ताच शिकवितो.

१८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग भुसावळावरून बऱ्हाणपूर-खांडव्याकडे गेला आणि लांबच्या व्यापाराचें ओझें ह्या वाटेवरून उतरलें. उपेक्षेनें कांहीं वस्तु जगल्या. आतां बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता म्हणून मोटारींची व मालाची रहदारी ह्याच पट्ट्यांतून धांवते, आणि रस्ता रुंद करणें गरजेचेंहि आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु कड खोदतांना पहिला बळी पडतो तो ज्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं अशा वस्तूचा: पारावरची वीरगळ, पडकी बारव, मैलाचा दगड.

कायदा आहे, पण त्याची छाया यादीपुरतीच पडते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वयें संरक्षित झालेल्या स्मारकाभोंवतीं, २०१० च्या दुरुस्तीनें, १०० मीटरांत बांधकामास मनाई व त्यापुढें २०० मीटरांत नियमन आहे. थाळनेरच्या कबरींस ह्या कायद्याचा आधार आहे. वाटेवरच्या निनांवी बारवेस नाहीं.

दुसरी अडचण सरहद्दींची आहे. १९०६ त खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९९८ त धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. आज एकाच मार्गाचें एक टोंक गुजराथेंत, दुसरें मध्यप्रदेशांत व मधला भाग महाराष्ट्रांत आहे. तालुकावार याद्यांत असा रस्ता तुकड्यातुकड्यांनीं दिसतो. दक्षिण अमेरिकेंतील इंकांचा राजमार्ग सहा राष्ट्रांनीं मिळून २०१४ त एकच जागतिक वारसा म्हणून नोंदविला. सहा राष्ट्रांस जें साधलें तें तीन राज्यांस अशक्य म्हणतां येणार नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, यादी रस्तेवार व्हावी: प्रत्येक वस्तूचें रस्त्यापासूनचें अंतर, माप, छायाचित्र व असल्यास लेखाचा ठसा घ्यावा, आणि ती यादी रुंदीकरणाचें काम आंखण्यापूर्वीं बांधकाम खात्याच्या हातीं असावी. दुसरी, जी वस्तु हलविणें भागच आहे तिची मूळ जागा लिहिल्यावांचून ती हलवूं नये; जागा हरवलेला दगड अर्धा मुका होतो. तिसरी, दफ्तरांच्या संग्राहकांनीं कागद कोणत्या गांवच्या कोणत्या वाड्यांतून मिळाला हें बस्त्यावरच टिपावें. यावल एके काळीं हातकागदासाठीं व फैजपूर रंगाऱ्यांच्या कामासाठीं प्रसिद्ध होतें. जुन्या पानाचा पोत व जुन्या रुमालाचा रंगहि पुरावाच आहे.

हें अगत्य केवळ जुन्या काळापुरतें नाहीं. डिसेंबर १९३६ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं फैजपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें; खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. नंदलाल बोस यांनीं तेथील टिळकनगर बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यांतून सजविलें. असें नगर टिकावयाचें नसतेंच. त्याची स्मृति घरोघरच्या छायाचित्रांत, पावत्यांत, निमंत्रणपत्रिकांत उरली असेल तेवढीच.

राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं धुळ्यास संशोधन मंडळ उभें राहिलें, तें कागद हा नाशिवंत आहे हें ओळखूनच. दगडहि नाशिवंत आहे, एवढेंच आतां ओळखावयाचें उरलें आहे.