दिवाळीची सुट्टी

आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात दिवाळी सरली की शाळेतली दोन-तीन पोरं गायब व्हायची. गुरुजी हजेरी घेताना त्या नावांवर थांबायचेसुद्धा नाहीत. ती कातकऱ्यांची पोरं. आईबापानं उचल घेतलेली असायची. बिऱ्हाड डोक्यावर घेऊन सगळं घरच कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर निघायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. तोवर परीक्षा होऊन गेलेली.

कातकरी हा मूळचा खैराचा कात करणारा. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यानं जंगलं राखीव व्हायला लागली, खैर तोडायची चोरी झाली, आणि कात गेला. मग कोळसा, मग वीट.

अशा पोरांना राहायला, जेवायला घालून शिकवायचं, ही कल्पना जुनी आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ काढलं. बाळासाहेब खेरांनी १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ सुरू केलं. पुढं सरकारी आणि अनुदानित आश्रमशाळा निघाल्या. पण पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आंबेगाव-जुन्नरकडं, प्रकल्प कार्यालय घोडेगावला. भोर-वेल्ह्याचा कातकरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एका कागदासाठी जायचं तर अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळीच.

कॅनडात आदिवासींची पोरं कायद्यानं घरातून नेली, त्यांची भाषा मोडली; २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडं पोर न्यायला पोलीस आला नाही. भाषेचं मात्र आपणही फारसं बघितलं नाही. पोर घरी कातकरी बोलणार आणि पुस्तक सगळं आपल्या मराठीत.

माझ्या बाकावरचा एक जण असाच लांबच्या आश्रमशाळेत गेला. दोन वर्षं टिकला. तिसऱ्या दिवाळीला सुट्टीत घरी आला, तर घर भट्टीवर निघालेलं. धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नव्हतं. तोही गेला. शाळेची सुट्टी आणि भट्टीचा हंगाम एकाच आठवड्यात, हे कुणी ठरवलं नसेल. पण बदललंही नाही कुणी.

मागच्या वर्षी भोरच्या बाजारात भेटला. म्हणाला, "शेठची वही आता मीच वाचतो, दादा. वस्तीतल्या सगळ्यांची उचल माझ्या ध्यानात असती." पोरगी आश्रमशाळेत आहे म्हणाला, पाचवीला.

"आणि दिवाळीला?"

"बहिणीकडं ठेवतो. घरी आणतच नाही."