भाजलेल्या जखमेवर माशाची कातडी

भाजलेल्या लेकराची चिकटलेली पट्टी ओढताना त्याचं रडणं तुम्ही ऐकलं असेल. न चिकटणारं, ओल टिकवणारं आणि गरिबाला परवडणारं आवरण हवं, म्हणून डॉक्टरांनी काय काय करून पाहिलं!

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. साली गॉजवर चिकटवून त्या निर्जंतुक करत. पुढे सायनच्या रुग्णालयात केळीचं पान वापरून पाहिलं गेलं. हसू नका, दोन्हींमुळे पट्टी बदलताना दुखणं कमी झालं. सायनलाच २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पण त्वचादान करणारे आपल्याकडे अजून थोडेच.

ब्राझीलमध्येही हीच अडचण. तिथे फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी फेकून दिली जाणारी तिलापियाची कातडी घेतली. आइसलँडमधल्या एका कंपनीने समुद्रातल्या कॉड माशाची कातडी निवडली. तिला २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. या कातडीत कोलॅजन भरपूर असतं. वेलीला मांडव, तसं नव्या पेशींना कोलॅजन. शिवाय ती बरेच दिवस जखमेवरच राहते, रोज ओढावी लागत नाही.

आता आपल्या गोंदियाचं. इथे तलाव खूप, मासळीही खूप. म्हणून सांगतो, बाजारातली कच्ची कातडी जखमेवर लावू नका. दवाखान्यातली कातडी पेशी काढून किंवा प्रक्रिया करून, निर्जंतुक केलेली असते. घरी भाजलं तर आधी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, मग स्वच्छ कापड सैलसर झाकून थेट दवाखाना.